पाण्याचे शब्द, पाण्याचा हक्क
धुळे जिल्ह्यात पांझरेवरील बंधाऱ्यांवर फड पद्धत चालत आली. तिचे शब्द विद्यार्थ्यांनी समजून घ्यावेत, असे आम्हांस वाटते.

फड : एकाच पिकाखालील सलग क्षेत्र.
पाटकरी : शेतांना पाण्याची पाळी देणारा.
जागल्या : पिकाची राखण करणारा.

पुढे १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्याने अधिसूचना काढून नदीचे पाणी घेण्याचा अधिकार सरकारला दिला. १९७६ साली महाराष्ट्राचा कायदा आला. पण पाळी मिळे ती जमिनीला. भूमिहीनाला वाटा नव्हता.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क माणूस म्हणून मागितला. संविधानाच्या अनुच्छेद १५ ने सार्वजनिक विहिरी-तलावांवरील जातीची आडकाठी बंद केली. म्हणून बंधूभगिनींनो, कायद्यातील प्रत्येक शब्द वाचताना विचारा : यात भूमिहीन कोठे आहे?