इसहाकाच्या विहिरी

शास्त्राभ्यास. शास्त्रभाग : उत्पत्ति २६:१–३३

हा अध्याय दुष्काळानें सुरू होतो, हें आपण वाचतांना बहुधा विसरतों. आपणांस आठवतें तें इसहाकाला त्या वर्षीं मिळालेलें शंभरपट पीक. परंतु त्या पिकामागोमाग पलिष्ट्यांचा हेवाही आला, आणि अब्राहामाच्या चाकरांनीं खणलेल्या विहिरी त्यांनीं मातीनें बुजवून टाकिल्या. ज्या विहिरींचें पाणी त्यांच्या स्वतःच्या गुरांनाही मिळालें असतें, त्या बुजविण्यांत लाभ कोणता? लाभ कांहीं नाहीं. दुसऱ्यास मिळूं नये एवढाच हेतु.

इसहाकानें बापाच्या विहिरी पुन्हा उकरल्या व त्यांस बापानें ठेविलेलींच नांवें दिलीं. मग गराराच्या खोऱ्यांत नवी विहीर खणली. तेथील गुराखी म्हणाले, पाणी आमचें आहे. तिचें नांव एसेक, म्हणजे भांडण. दुसरी सितना, म्हणजे वैर. तिसरीवरून मात्र कोणी भांडलें नाहीं, म्हणून ती रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा.

यावरून पुष्कळ उपदेशक असें शिकवितात कीं, इसहाक सौम्य होता, त्यानें जागा सोडली, तशी आपणही सोडावी. हें शिकवण्यापूर्वीं त्यांनीं तेरावी व चौदावी ओवी पुन्हा वाचावी. इसहाक मोठा धनवान होता; कळप होते, चाकर होते. एक विहीर गेली तर दुसरी खणण्याचें सामर्थ्य त्याच्यापाशीं होतें. ज्या विधवेची एक एकर कोरडवाहू जमीन आहे व एकच चाळीस फुटी विहीर आहे, ती कोठें जाईल? सोडून देण्याचा धडा तिच्यापुढें मांडणें हा शास्त्राचा दुरुपयोग होय. तो धडा ज्याच्यापाशीं इसहाकासारखें पुष्कळ आहे त्याचा आहे.

आतां आपल्या शेतांकडे पाहूं. आज विहिरींत माती टाकण्याचें कारण उरलें नाहीं. त्या खालून रित्या होतात. दख्खनच्या पठारावर काळा पाषाण आहे. त्याच्या वरच्या मुरमांत व भेगांत जें पाणी मुरतें तेवढेंच आपलें. या भेगा शेताच्या बांधापाशीं थांबत नाहींत. एकानें यंत्र आणून खोल बोअर घेतला व त्यावर ऊस उभा केला, म्हणजे त्याच भेगांतून पाणी ओढलें जाऊन शेजारची उथळ विहीर फाल्गुनांतच तळ दाखविते. शेजाऱ्याच्या जमिनींत कोणीं पाऊलही टाकिलें नाहीं, तरी विहीर बुजली ती बुजलीच.

शिवाय पाऊसही पूर्वींचा राहिला नाहीं. १९५० ते २०१५ या काळांत मध्य भारतांत विस्तृत प्रदेशावर अतिवृष्टी होण्याचे प्रसंग सुमारें तिपटीनें वाढले, असें हवामानशास्त्रज्ञांनीं मोजिलें आहे. पाऊस एकदम कोसळतो, मातीसकट ओढ्यानें निघून जातो, आणि मग कित्येक दिवस उघडीप. यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दर दहा लक्ष भागांत कार्बन डायऑक्साइड वायूचे सुमारें २८० भाग होते. आज ते ४२० हून अधिक आहेत. हा वायु दगडी कोळसा व खनिज तेल जाळल्यानें वाढला, आणि त्यामुळें पृथ्वीची हवा तापली. भारतांत दर माणशीं निघणारा हा धूर जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. त्यांतही पायीं मजुरीला जाणाऱ्याचा वांटा किती असणार? जाळणारे एकीकडे, आणि आटलेली विहीर दुसरीकडे. यास नशीब म्हणूं नये. हा अन्याय आहे.

पाण्याचा अन्याय आपल्या मंडळ्यांस नवा नाहीं. आपल्यांतील पुष्कळांच्या आजोबांना गांवच्या विहिरीस शिवण्याची बंदी होती. जोतीराव फुल्यांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचें पाणी प्याले, आणि न्यायालयाचा निकाल १९३७ पर्यंत लांबला. अशा आजोबांचा नातू आज चार पैसे मिळवून बोअरनें शेजाऱ्याची विहीर आटवील, तर त्याला पलिष्टी म्हणावयाचें कीं इसहाक? हा प्रश्न मंडळींत विचारण्यास उपदेशकांनीं कचरूं नये, मग समोर वर्गणी देणारा वडील कां बसलेला असेना.

बरें, इसहाक जागा सोडून गेला तरी मुका राहिला नाहीं. अबीमलेख भेटीस आला तेव्हां त्यानें सरळ विचारलें कीं, तुम्हीं माझा द्वेष करून मला घालविलें, मग आतां कां आलां? त्याच्या बापानेंही विहीर बळकावल्याबद्दल याच नांवाच्या राजाला जाब विचारला होता (उत्पत्ति २१:२५). तेव्हां ग्रामसभेंत उभें राहून पाण्याविषयीं बोलणें हें अविश्वासाचें लक्षण नव्हे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्यापासून ५०० मीटरांच्या आंत परवानगीवांचून नवी विहीर घेण्यास आपल्या राज्यानें १९९३ सालींच बंधन घातलें. पुढें त्याच्या जागीं २००९ चा भूजल कायदा आला. जाब विचारण्यास आधार आहे.

आणि करार होऊं शकतो. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर, जिल्ह्यांतील हिवरे बाजार हें कमी पावसाचें गांव. १९८९ सालीं पोपटराव पवार तेथें सरपंच झाले. गांवकऱ्यांनीं श्रमदानानें डोंगरउतारावर चर खणले, बांध घातले, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळिली; शेतीसाठीं बोअर व ऊस वर्ज्य केला. पडलेला पाऊस मोजून, पिण्याचें पाणी आधीं बाजूस ठेवून, मग कोणतीं पिकें घ्यावयाचीं तें सर्वांनीं मिळून ठरविण्याची रीत पाडली. हें ख्रिस्ती गांव नव्हे. अबीमलेखही इसहाकाच्या देवाचा उपासक नव्हता, तरी दोघांनीं एकत्र जेवून शपथ वाहिली, आणि त्याच दिवशीं चाकरांनीं येऊन सांगितलें कीं, पाणी लागलें.

उपदेशकांस सूचना : हा पाठ शक्य तर उन्हाळ्यांत विहिरीच्या काठीं घ्यावा. बायकांस आधीं बोलूं द्यावें. पाणी वाहतात त्या. मग दोर सोडून पाण्याची खोली मोजावी, मंडळीच्या वहींत तारखेसह लिहावी, आणि दिवाळीनंतर त्याच दोरानें पुन्हा मोजावी.