अद्भुत कादंबरी, नगर आणि भावंडे

मराठीतील अद्भुतरम्य कादंबरीच्या विवेचनात नारो सदाशिव रिसबूड यांच्या 'मंजुघोषा' (१८६८) या कृतीची प्रस्तावना महत्त्वाची मानली जाते. आपल्या विवाहादी चालीरीतींमुळे लोकांच्या जीवनात कादंबरीस उपयुक्त असे वैचित्र्य आढळत नाही, म्हणून लेखकाला अद्भुताकडे वळावे लागते, अशी त्यांची भूमिका आहे. घर आणि अद्भुत परस्परांपासून दूर असतात, हे तिच्यातील गृहीत होय. ते तपासून पाहण्यासारखे आहे.

ईडिथ नेस्बिट यांच्या 'द मॅजिक सिटी' (१९१०) या बालकादंबरीत हे गृहीत टिकत नाही. अनाथ फिलिपला वाढविणारी त्याची सावत्र बहीण हेलन विवाह करते. एकाकी पडलेला फिलिप पुस्तके, ठोकळे, बुद्धिबळाचे मोहरे रचून मेजावर एक नगर उभारतो आणि पुढे त्यातच प्रवेश करतो. हेलनच्या पतीची मुलगी ल्यूसी त्याला नकोशी असते. तेथे सोबतीण म्हणून तीच लाभते. नगर विचित्र खरे, परंतु त्याची सामग्री सारी घरातली, आणि त्याच्या मुळाशी भावंडांची ताटातूट.

खानदेशी वाचकाला हे सर्वस्वी अपरिचित वाटू नये. मुक्ताईच्या आख्यानातही मातापित्यांच्या देहत्यागानंतर वाळीत पडलेली चार भावंडे आहेत. मांडे भाजण्यास खापर मिळत नाही, तेव्हा ज्ञानदेवांची पाठ तापते. वाघावर आरूढ होऊन येणाऱ्या चांगदेवाला सामोरे जाण्यास वाहन नाही, तेव्हा बसलेली भिंतच चालू लागते. राजवाड्यांच्या कादंबरीत अद्भुत ऐश्वर्यातून येते, येथे ते उणिवेतून येते. आळंदी हे खरे गाव. आख्यानात मात्र ते दारे मिटलेले आणि भिंती चालणारे नगर होते.

या कथेचा उत्तरार्ध खानदेशात घडतो. तापी-पूर्णा संगमावर चांगदेव हे गाव आहे. परंपरेनुसार १२९७ मध्ये तापीतीरी विजेच्या कडकडाटात मुक्ताई गुप्त झाली. मुक्ताईनगरची (पूर्वीचे एदलाबाद) पालखी आषाढीला पंढरपुरास जाते. जळगाव शहरात समाविष्ट झालेल्या पिंप्राळ्यात त्याच एकादशीला विठ्ठलाचा रथ निघतो.

आख्यानातील वयाची उलथापालथ विशेष लक्षणीय आहे. चौदाशे वर्षांचा चांगदेव सर्वांत धाकट्या मुक्ताईचा शिष्य होतो. रुसून ताटी लावून बसलेल्या ज्ञानदेवांची समजूतही तीच घालते. चमत्कारांनी भरलेल्या या कथेतील तो सर्वांत नाट्यपूर्ण प्रसंग, आणि त्यात चमत्कार एकही नाही: धाकटी बहीण दाराबाहेर उभी राहून भावाशी बोलते, इतकेच.