योनाची सावली व एका शब्दाचा वाद

(वाचन: योना, अध्याय ३ व ४)

योना संदेष्टा निनवे शहराबाहेर मांडव घालून बसला व त्यास सावली व्हावी म्हणून देवानें एक झाड उगविलें, ही गोष्ट आमच्या खेड्यांतील शब्बाथ शाळेच्या मुलांसही ठाऊक आहे. तें झाड कोणतें, एवढ्याच प्रश्नावरून आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील एका मंडळींत सोळाशें वर्षांपूर्वीं मोठा गलबला झाला, व तेथील बिशपास आपली मंडळी हातची जाते कीं काय अशी भीति पडली. हा वाद वरवर क्षुल्लक दिसतो. पण शास्त्राच्या भाषांतराविषयीं श्रद्धा काय मागते व बुद्धि काय मागते, हें त्यांत उघड दिसून येतें. म्हणून उपदेशक बंधूंनीं ही हकीकत नीट समजून घ्यावी.

जुना करार मुळांत बहुतेक सर्व इब्री भाषेंत लिहिला गेला. ख्रिस्तापूर्वीं मिसर देशांतील यहूद्यांसाठीं त्याचें ग्रीक भाषांतर झालें. त्यास ‘सत्तरांचें भाषांतर’ असें नांव पडलें. सत्तर कीं बहात्तर वडील वेगवेगळ्या कोठड्यांत बसले, आणि सर्वांचें भाषांतर अक्षरशः एकच निघालें, अशी दंतकथा पुढें पसरली, व पुष्कळ भाविक ख्रिस्ती लोक तें भाषांतर प्रत्यक्ष आत्म्यानें प्रेरित मानूं लागले. लातीन बोलणाऱ्या मंडळ्यांत जें शास्त्र वाचलें जाई, तें ह्या ग्रीकावरून केलेलें, म्हणजे भाषांतराचें भाषांतर होतें. आणि त्याच्या प्रतींचा एकमेकींशीं मेळ नव्हता. म्हणून ३८२ च्या सुमारास रोमचा बिशप दामासस यानें जेरोम नामक विद्वानास शुभवर्तमानांची लातीन प्रत सुधारण्यास सांगितलें. पुढें जेरोम बेथलेहेमास जाऊन राहिला, आणि ३९० च्या सुमारास त्यानें जुना करार मूळ इब्रीवरून लातीनांत आणण्यास आरंभ केला. हें काम ४०५ च्या सुमारास संपलें.

ओईया (हल्लींचें लिबियांतील त्रिपोली) येथील बिशपानें हें नवें भाषांतर मंडळींत वाचावयास घेतलें. जेथें लोक पिढ्यान्‌पिढ्या ‘भोपळा’ ऐकत आले होते, तेथें जेरोमनें ‘आयव्ही’ हा शब्द घातला होता. आयव्ही म्हणजे भिंतीस धरून चढणारा युरोपांतील एक वेल. लोक खवळले, विशेषेंकरून ग्रीक बोलणाऱ्यांनीं, हें खोटें आहे, अशी ओरड केली. बिशपानें गांवांतील यहूद्यांस विचारिलें, तों त्यांनीं जुनाच शब्द बरोबर असें सांगितलें. तेव्हां मंडळीवांचून राहण्याची पाळी येऊं नये म्हणून त्यानें तो शब्द बदलला. हिप्पो येथील बिशप ऑगस्टीन यानें ४०३ सालीं जेरोमला पत्र लिहून हें सर्व कळविलें.

त्या लोकांस आम्ही हंसूं नये. रोम शहराच्या भुयारी कबरस्थानांत भोपळ्याच्या वेलाखालीं निजलेल्या योनाचीं चित्रें आजही पाहावयास मिळतात. जें कानांनीं ऐकलें, डोळ्यांनीं पाहिलें, व ज्या चित्रांखालीं आपलीं मृत माणसें ठेविलीं, तें एके सकाळीं चूक म्हटलें गेलें, तर साध्या मनुष्यास काय वाटेल? जेरोमचा एके काळचा मित्र रुफिनस यानें तर टोमणा मारिला कीं, योनास भोपळ्याची नव्हे तर आयव्हीची सावली होती, असें आतां जुन्या कबरींवर लिहून ठेवावें लागेल.

जेरोमनें ऑगस्टीनला उत्तर दिलें तें मोठें मौजेचें आहे. मूळ शब्द ‘किकायोन’. तें रुंद पानांचें, झपाट्यानें वाढणारें, व काठीच्या आधारावांचून आपल्या खोडावर उभें राहणारें झुडूप होय, असें तो सांगतो. शेतकरी वाचकांनीं झाड ओळखलेंच असेल! तो आमच्या बांधावरचा एरंड, असें आजचेही पुष्कळ विद्वान मानितात. भोपळ्यास मांडव लागतो, आयव्हीस भिंत लागते. एरंडास कांहींच लागत नाहीं. म्हणजे जेरोमचा शब्दही बरोबर नव्हता, व हें त्यास स्वतःस ठाऊक होतें. इब्री शब्द तसाच ठेवावा तर कोणास कळणार नाहीं; ‘भोपळा’ म्हणावें तर तो मुळांत नाहीं; म्हणून इतर भाषांतरकारांस अनुसरून त्यानें ‘आयव्ही’ घातला. ज्या बुद्धीनें लोकांच्या सवयीस धक्का दिला, तिनेंही शेवटीं दुसऱ्या एका सवयीचाच आधार घेतला. एवढें असूनही विरोध करणाऱ्यांस ‘भोपळेवाले’ म्हणून हिणविण्याचें त्यास कांहीं कारण नव्हतें.

ऑगस्टीनची काळजी निराळी होती. ग्रीक व लातीन मंडळ्यांत फूट पडेल, हें त्यास भय होतें. शिवाय ग्रीक पुस्तक उघडून शब्द पडताळून पाहणारे पुष्कळ, पण इब्री जाणणारा जवळजवळ एकटा जेरोम. त्याची चूक झाली तर ती दाखवावी कोणीं? एकाच मनुष्याच्या विद्वत्तेवर सर्व मंडळीनें विसंबावें काय, हा प्रश्न आमच्या मतें आजही खरा आहे.

त्याच पुस्तकांत याहून मोठा भेद आहे. योना ३:४ येथें इब्रीप्रमाणें निनवेस चाळीस दिवसांची मुदत मिळते, सत्तरांच्या भाषांतरांत तीनच दिवसांची. ‘देवाचें नगर’ ह्या ग्रंथांत ऑगस्टीन म्हणतो कीं, योनाच्या तोंडचा आकडा बहुधा चाळीसच असावा. पण तीन हाही व्यर्थ नाहीं, तो तिसऱ्या दिवशीं उठलेल्या प्रभूकडे बोट दाखवितो. ह्या म्हणण्याचा उत्तरार्ध आम्हांस तितकासा पटत नाहीं. पूर्वार्ध मात्र लक्षांत ठेवण्याजोगा आहे: सत्तरांवर एवढी श्रद्धा असणारा मनुष्यही, योना खरोखर काय बोलला असें विचारलें असतां, इब्रीकडेच वळला. आणि काळाचा फेरा असा कीं, ओईयाच्या लोकांनीं धिक्कारिलेलें भाषांतरच पुढें पश्चिमेच्या मंडळ्यांचें जुनें व लाडकें शास्त्र झालें, व १५४६ सालीं ट्रेंटच्या परिषदेनें त्यासच प्रमाण ठरविलें.

मराठींतही आज एकाहून अधिक भाषांतरें आहेत. एकाच्या पुस्तकांत एक शब्द व शेजाऱ्याच्या पुस्तकांत दुसरा, असें झालें म्हणजे एखादे वृद्ध बंधु अस्वस्थ होतात. अशा वेळीं उपदेशकानें त्यांस अडाणी म्हणूं नये, व भिऊन शब्द झांकूंही नये. मूळ शब्दाचा अर्थ काय, व तो मराठींत आणणें कां अवघड आहे, हें दोन वाक्यांत सांगावें. ठाऊक नसेल तर पाळकसाहेबांस विचारून पुढल्या आठवड्यांत सांगावें. मूळ भाषांचा शोध हा अविश्वासी लोकांचा उद्योग आहे असें ज्यांस वाटतें, त्यांनीं पंडिता रमाबाईंची आठवण करावी. बाईंच्या भक्तीविषयीं कोणास शंका नाहीं. त्यांनींच केडगांव येथें उतारवयांत इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सर्व शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर केलें. १९२२ सालीं त्या प्रभूकडे गेल्या, व संपूर्ण पुस्तक १९२४ सालीं छापून निघालें.

जेरोम व ऑगस्टीन यांची एकमेकांशीं भेट कधींच झाली नाहीं. जेरोम ४२० च्या सुमारास बेथलेहेमांत वारला. त्यानंतर सहासात वर्षांनीं ऑगस्टीननें ख्रिस्ती शिक्षणाविषयींच्या आपल्या ग्रंथाचा चवथा भाग लिहिला. त्यांत संदेष्ट्यांच्या वक्तृत्वाचा नमुना म्हणून आमोस मेंढपाळाचा एक उतारा त्यास द्यावयाचा होता. सत्तरांचें भाषांतर कांहीं ठिकाणीं दुर्बोध आहे असें सांगून त्यानें तो उतारा जेरोमच्या भाषांतरांतून घेतला.