रेसचा नाद फोनवर: घरच्यांनी घालायचे अडसर

मनीमाजऱ्यात रेसकोर्स नाही. अख्ख्या चंदीगडमध्ये नाही. घोड्यांची शर्यत डोळ्यांनी पाहायची तर दिल्ली गाठावी लागते, म्हणजे अडीचशे किलोमीटर. तरीही इथेच, आमच्या घरातल्या मागच्या खोलीत बसून, माझ्या धाकट्या दिरांनी घोड्यांवर चार लाखांच्या आसपास रुपये घालवले. त्यातला एकही घोडा त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता. हे सगळं मी त्यांच्या संमतीनं लिहिते आहे. आमच्यासारख्या, गावापासून लांब राहणाऱ्या मराठी घरांत असं काही झालं की बहुतेक वेळा ते झाकलं जातं आणि झाकल्यामुळेच वाढतं, हे आम्हा दोघांनाही पटलं आहे.

ह्यांच्या बदलीमुळे आम्ही इकडे आलो. भाऊजींना मनीमाजऱ्याला लागूनच असलेल्या आयटी पार्कमध्ये नोकरी लागली, म्हणून ते आमच्याकडेच राहायला आले. स्वभावानं शांत, हिशेबी माणूस. क्रिकेटवर पैसे लावणाऱ्या मित्रांना तेच समजावायचे. घोड्यांकडे मात्र ते अभ्यासाच्या दारानं गेले. कुणीतरी एका ॲपची लिंक पाठवली, पहिल्या भरण्यावर बोनस मिळाला आणि भाऊजींनी लॅपटॉपवर तक्ता मांडला: घोड्याच्या मागच्या पाच शर्यती, अंतर, पाठीवरचं वजन, जॉकी, ट्रॅक ओला की कोरडा. मला त्यांनी एकदा तो तक्ता कौतुकानं दाखवला होता. म्हणाले, "वहिनी, हा जुगार नाही. सुप्रीम कोर्टानंच म्हटलंय, हा कौशल्याचा खेळ आहे."

कोर्टानं तसं म्हटलं आहे हे खरं. मद्रास रेस क्लबशी संबंधित के. आर. लक्ष्मणन खटल्यात 1996 साली सर्वोच्च न्यायालयानं घोड्यांची शर्यत प्रामुख्यानं कौशल्यावर चालते असा निकाल दिला. पण त्या वाक्याचा आधार घेऊन फोनवर पैसे लावणाऱ्यानं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ती मला माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी, पुण्याहून फोनवर समजावून सांगितली.

बहुतेक शर्यती हँडिकॅपच्या असतात. जो घोडा चांगला पळतो त्याच्या पाठीवर जास्त वजन, जो कमी पळतो त्याच्यावर कमी. जॉकीचं वजन कमी पडलं तर खोगिराखाली शिशाचे तुकडे घालून ते भरून काढतात. अण्णा भाऊजींना म्हणाले, "अरे, तिथं एक माणूस पगार घेतो तो याच कामाचा, की सगळे घोडे एका ओळीत पोचावेत. तू ज्या माहितीवर तक्ता बनवतोस, तीच माहिती वापरून त्यानं तुझा फायदा आधीच पुसलेला असतो." कौशल्य असतं, ते जॉकीचं, ट्रेनरचं, घोडा वाढवणाऱ्याचं. घरात बसून बोट टेकवणाऱ्याच्या वाट्याला त्यातलं फार थोडं उरतं.

आणि जे उरतं ते कापून घेतलं जातं. समजा आठ घोडे आहेत आणि आठांनाही सारखीच संधी आहे. मग शंभराला आठशे परत मिळायला हवेत. बुकी साडेसहाशे देतो. म्हणजे आठ वेळा शंभर लावले तर सरासरी एकदा घोडा येतो, आठशे जातात आणि साडेसहाशे येतात. शंभराचे झाले एक्याऐंशी. तेच पुन्हा लावत राहिलं तर पाच फेऱ्यांनंतर पस्तीस आणि दहा फेऱ्यांनंतर बारा-तेरा रुपये शिल्लक राहतात. मधे एखादी मोठी जीत होते, तीच लक्षात राहते. पण गणित या दिशेनंच चालतं. त्यात कर वेगळा. रेस क्लबमध्ये अधिकृतपणे लावलेल्या पैजेच्या पूर्ण रकमेवर ऑक्टोबर 2023 पासून 28 टक्के जीएसटी होता, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के आहे. जिंकलेल्या रकमेवर सरसकट 30 टक्के आयकर आणि वर उपकर. हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. वर्षभरात वीस हजार जिंकले आणि तीस हजार हरले, तरी कर वीस हजारांवर भरायचा. चोरट्या ॲपवर कर कापला जात नाही म्हणून तिथं जास्त मिळतं, असं टिप देणारे सांगतात. तिथं मुद्दलच परत मिळेल याची खात्री नसते, ते सांगत नाहीत.

अण्णा स्वतः रेसला जात. पावसाळ्यात पुण्याचा सीझन, हिवाळ्यात महालक्ष्मीचा. त्यांचा नाद साधा होता असं मी म्हणणार नाही. महिन्याच्या शेवटी त्याची झळ सासूबाईंना लागलेली आहे. पण त्या नादाला चारी बाजूंनी अडसर होते. रेस ठरावीक दिवशीच. जायला बस, आत जायला तिकीट. खिशात नेलेल्या नोटा संपल्या की खेळ संपला. दोन शर्यतींमध्ये जवळजवळ अर्धा तास, त्यात चहा प्यायचा, पॅडॉकमध्ये घोडे पाहायचे, डोकं थंड व्हायचं. ओळखीचं कुणीतरी भेटणारच, म्हणजे लपवालपवीला मर्यादा. संध्याकाळी सगळं बंद. सीझन संपला की कित्येक महिने काहीच नाही.

फोननं यातला एकेक अडसर काढून टाकला. पुण्यात सीझन नसेल तर ऑस्ट्रेलियात असतो, तिथली संध्याकाळ झाली की आयर्लंड, दक्षिण आफ्रिका. नोटा मोजून द्याव्या लागत नाहीत, स्क्रीनवरचे आकडे सरकतात. कुणी बघत नाही. आणि जेव्हा जगात कुठेच शर्यत नसते, तेव्हा ॲप 'व्हर्च्युअल रेस' दाखवतं: संगणकानं काढलेले घोडे, रंगीत जॅकेट घातलेले जॉकी, मागे कॉमेंट्री, दर काही मिनिटांनी नवी शर्यत. निकाल ठरवतो आकडे काढणारा प्रोग्रॅम. भाऊजींचा तक्ता तिथं कुठल्या कामाचा? तरी रात्री-अपरात्री ते तेच खेळत होते. दिवसा गेलेलं रात्री भरून काढायचं, एवढंच उरलं होतं. रेसकोर्सवर दहा शर्यतींना जवळजवळ पाच तास लागले असते. इथं तासाभरात होतात. नुकसान त्याच वेगानं होतं.

हे उघडकीला आलं ते बँकेमुळे. पगार जमा झाला आणि काढता येईना. खात्यावर होल्ड लागला होता. दुसऱ्या राज्यातल्या एका सायबर तक्रारीत ज्या खात्याचं नाव होतं, त्याच खात्यातून भाऊजींना जिंकलेले काही हजार आले होते. भाऊजी स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "वहिनी, दादाला एवढ्यात सांगू नका." मी म्हटलं, "भाऊजी, सांगायचं तर आजच. मी शेजारी बसते." त्या रात्री आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसून स्टेटमेंट वाचलं. एका रात्रीच्या नोंदी अशा: 11.52 ला पाचशे, 11.58 ला पाचशे, 12.07 ला हजार, 12.11 ला दोन हजार, मग पाच हजार, शेवटी 1.34 ला दहा हजार. पैसे घेणाऱ्यांची नावं दर वेळी वेगळी. कुठे कसले तरी ट्रेडर्स, कुठे किराणा दुकान, कुठे एखाद्या अनोळखी बाईचं नाव. हे सगळे भाड्यानं घेतलेले खातेदार. रेसशी त्यांचा काही संबंध नाही.

यातून आम्ही जे शिकलो ते आता सांगते.

ओळखायचं कसं. वागणं पाहण्याआधी स्टेटमेंट बघा. रात्री उशिरा थोड्या थोड्या वेळानं गेलेल्या, वाढत जाणाऱ्या रकमा आणि अनोळखी, दर वेळी बदलणारी नावं ही सगळ्यात स्पष्ट खूण. त्यानंतर झटपट कर्ज देणारी ॲप, नवं खातं, पगारानंतर आठवड्याभरात सुरू होणारी उसनवारी. पगारदार, शिकलेला, निर्व्यसनी माणूस यात पडणार नाही असं धरून चालू नका. ज्याला आपल्या अभ्यासावर विश्वास आहे तोच हरल्यावर म्हणतो की तक्ता सुधारायला हवा.

पहिलं बोलणं. आरडाओरडा केला तर खरा आकडा कधीच कळत नाही. कागद घ्या, कुणाकुणाचं किती देणं आहे ते त्याच्याच हातानं लिहू द्या. पहिला आकडा बहुधा अर्धवट असतो. शरमेपोटी काही देणी मागे राहतात. दोन-तीन दिवसांनी पुन्हा शांतपणे विचारा.

कर्ज एकदम फेडू नका. दागिने मोडून सगळं एका दमात फेडायची घाई आई-वडिलांना होते. त्यानं मोकळी झालेली पत पुन्हा खेळात जाऊ शकते. हप्ते बांधा आणि पैसे त्याच्या हाती न देता थेट देणेकऱ्याला द्या. धमक्या देणाऱ्या कर्ज-ॲपची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर करता येते.

अडसर पुन्हा घाला. यूपीआयची रोजची मर्यादा बँकेकडून कमी करून घ्या. कार्डाचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंद करण्याची सोय बँकेच्या ॲपमध्ये असते, ती वापरा. पगार आला की घरभाडं, हप्ते, बचत त्याच दिवशी आपोआप कापली जाईल असं बघा. रोजच्या खर्चापुरतेच पैसे हाताशी राहोत. टिपचे टेलिग्राम आणि व्हॉट्सॲप ग्रुप सोडायला लावा. 'फिक्स रेस' सांगणारा निम्म्या लोकांना एक घोडा सांगतो, उरलेल्यांना दुसरा. ज्यांचा घोडा येतो ते त्याला देव मानतात, इतरांना तो ब्लॉक करतो. रात्री फोन बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावायचा, हा नियम आमच्याकडे सगळ्यांनाच आहे, म्हणून त्यात कुणा एकाचा अपमान नाही.

'थोडे भरा, सगळे सोडवू' याला फसू नका. छोटी रक्कम लगेच परत मिळते, ती विश्वास बसावा म्हणून. मोठी रक्कम काढायला गेलं की 'आधी कर भरा', 'व्हेरिफिकेशनचे पैसे भरा' असं सुरू होतं. तिथं थांबा, स्क्रीनशॉट आणि व्यवहार क्रमांक जपून ठेवा आणि 1930 या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करा, जितक्या लवकर तितकं बरं. स्वतःचं खातं दुसऱ्याला कमिशनवर वापरायला तर कधीच देऊ नका. मग तुम्ही फसलेले राहत नाही, आरोपी होता.

तक्रारीला घाबरू नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेनं ऑगस्ट 2025 मध्ये कायदा केला. असा खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा वादच त्यात बाजूला ठेवला आहे. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा देणारं कलम त्या कायद्यात नाही. हे सांगितल्यावर भाऊजी सायबर सेलमध्ये जायला तयार झाले.

डॉक्टरांकडे न्या. जुगाराचं व्यसन हा आजार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात नोंदलेला आहे. शपथा घालून तो बरा होत नाही. इथं पीजीआयच्या मानसोपचार विभागाचं व्यसनमुक्ती केंद्र आहे. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण आहे, बंगळुरूच्या निमहान्समध्ये तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी खास क्लिनिक आहे. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे आणि दिवसरात्र चालतो. पहिल्या भेटीला घरातल्या कुणीतरी बरोबर जावं. आणि मधे एखाद्या रात्री पुन्हा पैसे लावले गेले तर सगळं फुकट गेलं असं मानू नका. कुठला अडसर सैल होता ते बघा आणि तो घट्ट करा.

हे वाचणारे तुम्ही स्वतःच खेळत असाल, तर एवढंच करा: पुढची रेस लावण्याआधी घरातल्या एका माणसाला खरा आकडा सांगा. गेलेले पैसे पुढच्या शर्यतीत परत मिळणार नाहीत. ते मिळतील पुढच्या महिन्याच्या पगारातून, मग त्याच्या पुढच्या, असे हळूहळू. त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ घरच्यांनी न कुरकुरता द्यायचा असतो.