जुन्या पिकअपला नवा गिअरबॉक्स आणि द्रवचालित क्लच

रायपूरहून दक्षिणेकडे जगदलपूरला जाणारा महामार्ग धमतरीपर्यंत भातशेतीच्या सपाट प्रदेशातून जातो. कांकेर मागे पडल्यावर केशकालचा घाट लागतो आणि बारा अवघड वळणे चढून रस्ता बस्तरच्या पठारावर पोहोचतो. रायपूरच्या बाजारपेठेतून धान्य, भाजीपाला, लोखंडी सामान किंवा खते घेऊन निघालेल्या लहान मालवाहू वाहनाची खरी कसोटी या घाटात लागते. चढताना एंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पोहोचली पाहिजे आणि उतरताना त्याच एंजिनाने वाहनाला आवरून धरले पाहिजे. ही दोन्ही कामे गिअरबॉक्स आणि क्लच यांच्यामार्फत होतात. म्हणून जुन्या पिकअपचा गिअरबॉक्स बदलण्याचा विचार करताना सोयीपेक्षा सुरक्षिततेचा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

दोन प्रकारची रूपांतरे

गिअरबॉक्स बदलण्याची गरज सर्व देशांत सारख्याच कारणाने निर्माण झालेली नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३९ साली हायड्रा-मॅटिक हा स्वयंचलित गिअरबॉक्स बाजारात आणला. पुढील दशकांत तेथील मोटारींप्रमाणे पिकअपमध्येही स्वयंचलित गिअरबॉक्स मोठ्या प्रमाणावर बसविले गेले. अशी वाहने जुनी झाली, की त्यांचे काही मालक तो गिअरबॉक्स काढून हाताने बदलावयाचा गिअरबॉक्स बसवितात.

भारतात जुन्या मालवाहू वाहनांत स्वयंचलित गिअरबॉक्स जवळजवळ नव्हताच. येथील समस्या वेगळी होती. महिंद्र कंपनीने भारतात आणलेल्या विलिस जीपच्या घराण्यातील वाहनांत टी-९० हा तीन वेगांचा गिअरबॉक्स असे. त्याच्या दुसऱ्या व तिसऱ्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे दंतचक्रे एकमेकांत अडकण्यापूर्वी त्यांच्या गती समान करणारी रचना होती; पहिल्या गिअरला ती नव्हती. घाट उतरताना पहिला गिअर हवा असेल तर चालकाला दुहेरी क्लचचे कसब वापरावे लागे. क्लच दाबून गिअर मोकळा करावयाचा, क्लच सोडून एंजिनाची गती वाढवावयाची आणि पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकावयाचा, असा तो क्रम होता. त्यात चूक झाली तर भरलेले वाहन उतारावर मोकळ्या गिअरमध्ये राहते आणि सर्व भार एकट्या ब्रेकवर येतो.

शिवाय या गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.८ च्या आसपास होते. हलक्या मालवाहू वाहनांच्या नंतरच्या गिअरबॉक्समध्ये ते ४ च्या जवळ असते. मागच्या आसाचे गुणोत्तर तेच राहिले, तर अशा गिअरबॉक्समुळे पहिल्या गिअरमध्ये चाकांवर येणारा जोर सुमारे दीडपट होतो आणि उतारावर एंजिनाचा अवरोधही त्याच प्रमाणात वाढतो. रूपांतराचा खरा लाभ हाच होय.

पॅस्कलचा नियम पेडलखाली

जुन्या वाहनांत क्लचचे पेडल आणि क्लचचा काटा यांना कांड्या, आडवा दांडा किंवा तार यांनी जोडलेले असे. या रचनेचा एक दोष असा, की पेडल चौकटीला जोडलेले असते आणि एंजिन मात्र रबरी आधारांवर हलत असते. वाहन ओढ घेऊ लागले, की एंजिन किंचित कलते आणि कांड्यांची मापे बदलतात. परिणामी क्लच थरथरत जुळतो. सांध्यांची झीज झाली म्हणजे पेडलची निम्मी हालचाल पोकळीतच वाया जाते. नवा गिअरबॉक्स वेगळ्या लांबीचा असल्यास जुन्या कांड्या त्याला बहुधा जुळतही नाहीत.

द्रवचालित क्लचमध्ये हे सर्व दांडे नाहीसे होतात. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पॅस्कल यांचा नियम येथे उपयोगी पडतो. याच नियमावर जोसेफ ब्रामा यांनी १७९५ साली इंग्लंडमध्ये आपल्या द्रवचालित दाबयंत्राचे एकस्व घेतले. पेडल एका मुख्य सिलिंडरमधील दट्ट्या ढकलते. गॅरेजमधील मिस्त्री त्याला मास्टर सिलिंडर म्हणतात. तेथील द्रव नळीतून गिअरबॉक्सजवळच्या दुसऱ्या सिलिंडरमध्ये जातो. हा स्लेव्ह सिलिंडर होय. त्याचा दट्ट्या क्लचचा काटा ढकलतो. मधली नळी लवचीक असल्यामुळे एंजिन कितीही हलले तरी पेडलच्या हालचालीवर त्याचा परिणाम होत नाही.

परंतु कोणताही मास्टर सिलिंडर कोणत्याही स्लेव्हला जोडून चालत नाही. एक उदाहरण घेऊ. पेडलची तरफ ६ पट आहे आणि पेडल १८० मिलिमीटर खाली जाते, असे मानले तर मास्टर सिलिंडरचा दट्ट्या ३० मिलिमीटर सरकतो. त्याचा व्यास १६ मिलिमीटर आणि स्लेव्हचा १९ मिलिमीटर असेल, तर त्यांची क्षेत्रफळे अनुक्रमे सुमारे २०१ व २८४ चौरस मिलिमीटर होतात. म्हणून स्लेव्हचा दट्ट्या सुमारे २१ मिलिमीटर सरकेल. क्लचच्या काट्याची तरफ दुप्पट असल्यास क्लच सोडविणारे बेअरिंग साडेदहा मिलिमीटरांच्या आसपास पुढे जाईल. घर्षण सोडून दिले, तर पेडलवरील १० किलोग्रॅम भाराचा बेअरिंगवर सुमारे १७० किलोग्रॅम भार होईल.

आता स्लेव्ह २२ मिलिमीटर व्यासाचा घेतला, तर पेडल हलके लागेल. पण बेअरिंग केवळ ८ मिलिमीटर सरकेल. क्लचला १० मिलिमीटर हालचाल लागत असेल तर तो पूर्ण सुटणार नाही आणि गिअर टाकताना करकर आवाज येईल. उलट तो १६ मिलिमीटरचा घेतला, तर बेअरिंग १५ मिलिमीटर पुढे जाईल, पेडल जड होईल आणि क्लचच्या पडदेवजा स्प्रिंगची बोटे मर्यादेबाहेर दाबली जाऊन लवकर निकामी होतील. बळात मिळालेला लाभ अंतरात फेडावा लागतो. म्हणून सिलिंडर विकत घेण्यापूर्वी ही आकडेमोड करणे आवश्यक असते.

जुळणी आणि मापे

गिअरबॉक्स बोल्टांनी जागेवर बसला म्हणजे काम संपले, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात एंजिनाच्या क्रँकशाफ्टचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या पुढील शाफ्टचा मध्य एकाच रेषेत आले पाहिजेत. या दोहोंना जोडणाऱ्या बेल हाऊसिंगचे मध्यछिद्र डायल गेजने तपासले जाते. गेजच्या काट्याची एकूण विचलन-मर्यादा साधारणतः ०.१३ मिलिमीटर, म्हणजे जाड कागदाच्या एका पानाएवढी, धरली जाते. ती ओलांडली तर गिअर भाराखाली आपोआप निसटतो, बेअरिंगे झिजतात आणि क्लचच्या तबकडीचा मध्यभाग फाटतो. हे दोष पहिल्या दिवशी दिसत नाहीत; काही महिन्यांनी एखाद्या चढावर ते प्रकट होतात.

मूळचे वाहन स्वयंचलित असेल तर आणखी काही बाबी पाहाव्या लागतात. एंजिनाच्या मागील पातळ तबकडीच्या जागी जड फ्लायव्हील बसवावे लागते आणि ते त्या एंजिनाच्या समतोलाला अनुरूप असावे लागते. पातळ तबकडीचे आखूड बोल्ट फ्लायव्हीलला वापरता येत नाहीत. क्रँकशाफ्टच्या टोकाला गिअरबॉक्सचा शाफ्ट टेकण्यासाठी पायलट बेअरिंगची जागा कोरलेली आहे की नाही, हेही पाहावे लागते. क्लचचे पेडल ज्या पत्र्याच्या भिंतीवर बसावयाचे, ती जाड पट्टीने भक्कम केली नाही तर पाय दाबताच पत्राच वाकतो आणि हालचाल त्यातच संपते.

दोन्ही प्रकारच्या रूपांतरांत प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते. तो नव्या मापाचा करून समतोल साधून घ्यावा लागतो आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या सांध्यांचे कोन समान ठेवावे लागतात. अन्यथा वेग वाढताच वाहन थरथरू लागते. भिलाईचा पोलाद कारखाना १९५९ साली सुरू झाल्यानंतर रायपूर-भिलाई परिसरात यंत्रकामाची परंपरा रुजली. उरला व सिलतरा येथील औद्योगिक वसाहतींमुळे तिचा विस्तार झाला. लेथवरचे कुशल काम अशा परिसरात दुर्मीळ नाही. मापे अचूक घेऊन ती कारागिराच्या हाती लेखी देणे, ही मालकाची जबाबदारी होय.

हवा, पाणी आणि उष्णता

द्रव दाबला जात नाही, पण हवा दाबली जाते. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पेडल मऊ लागते आणि क्लच अर्धवट सुटतो. म्हणून हवा काढण्याचा स्क्रू स्लेव्ह सिलिंडरच्या सर्वांत उंच भागी येईल अशीच त्याची बसवणी असावी. मास्टर सिलिंडरचा दट्ट्या आणि त्याची कांडी यांमध्ये मिलिमीटरभर मोकळीक ठेवावी लागते. ती नसेल तर द्रव परत टाकीत जाण्याचे छिद्र बंद राहते. उष्णतेने प्रसरण पावलेला द्रव क्लचला किंचित दाबून धरतो आणि क्लच घसरून जळू लागतो.

या यंत्रणेसाठी निर्मात्याने सांगितलेला ब्रेकचा द्रवच वापरावा. त्यासाठी बनविलेल्या रबरी वाट्या एंजिनाच्या तेलाने फुगून खराब होतात. डॉट-३ प्रकारचा द्रव हवेतील ओलावा शोषतो. ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा शिरलेल्या द्रवासाठी ही किमान मर्यादा १४० अंशांवर येते. रायपूरचा पावसाळा दमट आणि उन्हाळा कडक असतो. म्हणून द्रव ठराविक काळाने बदलणे आणि नळी सायलेन्सरच्या तप्त नळापासून दूर नेणे, या दोन्ही गोष्टी टाळता येत नाहीत. तांब्याची नळी सतत हादऱ्यांनी तडकते. त्यासाठी पोलादी नळीच योग्य.

परीक्षा आणि कायदा

रूपांतर झाल्यावर भरलेले वाहन थेट घाटात नेऊ नये. सपाट, मोकळ्या जागी पेडल पूर्ण दाबून काही क्षण थांबावे आणि मागचा गिअर टाकावा. आवाज न होता तो पडला तर क्लच पूर्ण सुटतो आहे असे समजावे. नंतर हँडब्रेक ओढून वरच्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडावा. एंजिन बंद पडले तर क्लचची पकड चांगली. एंजिन चालूच राहिले तर क्लच घसरत आहे. स्वयंचलित वाहनातील, मोकळ्या स्थितीतच एंजिन सुरू होऊ देणारा स्विच काढून टाकला असेल, तर त्याच्या जागी क्लच दाबल्यावरच एंजिन सुरू होईल असा स्विच जोडावा. मागच्या दिव्याचा स्विचही विसरू नये.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातील तपशील आणि उत्पादकाने मुळात नमूद केलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात या तरतुदीचे महत्त्व पुन्हा अधोरेखित केले. म्हणून चौकटीचा आडवा पट्टा कापण्यापूर्वी किंवा त्याला वेल्डिंग करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करणे हितावह होय. अपघातानंतर हाच कागद मालकाच्या उपयोगी पडतो.

लहान मालवाहतूकदाराच्या दृष्टीने जुना पिकअप हे उपजीविकेचे साधन असते. वाहन बंद पडले तर दिवसाची कमाई बुडते. घाटात क्लच सुटला नाही तर त्याहून मोठी हानी संभवते. जुने वाहन या मार्गाने पुष्कळ वर्षे उपयोगी ठेवता येते. मात्र त्यासाठी नव्या सुट्या भागांइतकाच खर्च मापे घेण्यात, ती तपासण्यात आणि पुन्हा तपासण्यात जाणाऱ्या वेळाचाही धरावा लागतो. जो हा वेळ देऊ शकत नाही, त्याने मूळची यंत्रणा नीट दुरुस्त करून घेणे अधिक शहाणपणाचे ठरते.