मोटर बदलण्याआधी काच तपासा

जुन्या गाडीची पॉवर विंडो कण्हत-कुंथत वर चढायला लागली की गॅरेजमध्ये उत्तर तयार असतं : ‘मोटर गेली.’ माझ्या मते हा निदानाचा शेवटचा मुद्दा आहे, पहिला नव्हे. बऱ्याचदा मोटर ठणठणीत असते. घट्ट बसलेली काच तिला ओढवत नाही, किंवा तिच्यापर्यंत पुरेसा करंट पोचत नाही.

सुरुवात बटणापासून करा. इंजिन बंद, किल्ली ऑनवर ठेवून चारही काचा खाली-वर करून बघा, मग इंजिन सुरू करून पुन्हा. इंजिन चालू होताच सगळ्याच काचा झपाझप चालल्या, तर आधी बॅटरीकडे बघा. चांगली बॅटरी गाडी बंद असताना साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना हा आकडा 14 च्या आसपास जातो. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर तो आधी घासून काढा.

एकच काच मंद असेल, खाली झटकन येत असेल आणि वर जाताना अडत असेल, तर रबरावर संशय घ्या. काच ज्या खाचेतून सरकते तिथे वर्षानुवर्षांची धूळ आणि पावसाचं पाणी मिळून काळं कीट बसतं, उन्हाने रबर कडक होतं आणि काच दोन्ही बाजूंनी आवळली जाते. काच पूर्ण खाली घ्या. प्लास्टिकच्या पट्टीला जुनं सुती कापड गुंडाळा, साबणाच्या पाण्यात ओलं करून घट्ट पिळा आणि खाचेत घालून वरपासून खालपर्यंत फिरवा. पहिल्या फेरीतच कापड काळंकुट्ट होईल. ते स्वच्छ निघेपर्यंत घासत राहा. या कामात घाई नको. रबर वाळल्यावर नळीच्या टोकाने खाचेत सिलिकॉन स्प्रे मारा आणि काच आठ-दहा वेळा खाली-वर करा. इंजिन ऑइल किंवा ग्रीस इथे अजिबात वापरू नका : त्याने रबर फुगतं आणि धूळ आणखी चिकटते. कित्येक गाड्यांचा आजार एवढ्यावर बरा होतो.

फरक पडला नाही तर आतला दिवा लावून बटण दाबा. दिवा चांगलाच मंदावला तर मोटर जोर लावते आहे, पण काच किंवा तिला वर-खाली करणारी दारातली मशीन अडते आहे. दिवा जरासुद्धा हलला नाही तर करंटची वाट कुठेतरी अडली आहे. मागची काच तिच्या स्वतःच्या बटणावर नीट चालते आणि ड्रायव्हरच्या बटणावर रेंगाळते? मग ड्रायव्हरच्या दारातला मेन स्विच काढून त्याचे काळवंडलेले पॉइंट कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. अनेक जुन्या गाड्यांत मोटरचा सगळा करंट या पॉइंटमधूनच जातो.

यानंतरच दाराचं आतलं पॅड उघडायचं. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. हँडलच्या खोबणीतले आणि आर्मरेस्टखालचे स्क्रू काढा, मग पॅड खालून ओढून क्लिपा सोडवा. आतला प्लास्टिकचा कागद फाडू नका, तो पाणी अडवतो. बिजागरीजवळच्या रबरी नळीतल्या वायरी दार उघड-मीट करून आतून तुटतात, त्या जरूर तपासा. बॅटरी पुन्हा जोडून, बटण दाबलेलं ठेवून मोटरच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावा. बॅटरीपेक्षा दीड-दोन व्होल्ट कमी दिसले तर दोष वायरचा, अर्थिंगचा किंवा स्विचचा. व्होल्टेज पुरेसं असेल तर काच मशीनपासून सोडवून हाताने सरकवा. ती सहज सरकली, मशीनची तारही उसवलेली नसली, तरच मोटर बदला. काच सोडवण्याआधी ती मजबूत टेपने दाराच्या चौकटीला चिकटवा, नाहीतर दारात कोसळेल. कात्रीसारख्या आडव्या पट्ट्यांची, स्प्रिंगची मशीन असेल तर मोटर स्वतः काढू नका. पट्ट्या झटक्यात सुटून हाताला जबर इजा होते. ते काम मेकॅनिककडे द्या.

पॅड बसवण्याआधी मशीनच्या रुळांना पांढरं लिथियम ग्रीस लावा आणि दाराच्या तळाची भोकं मोकळी करा. कोकणात किंवा मुंबईत गाडी असेल तर हे पावसाळ्याआधीच उरका. पाणी आत साचलं की मशीन गंजते.

आणि काच पुन्हा जोरात चालू लागली की मुलांना बटणापासून दूर ठेवा. बऱ्याच जुन्या गाड्यांत बोट अडकलं तरी काच आपोआप थांबत नाही. मागे मूल बसलं असेल तर ड्रायव्हरजवळचं विंडो लॉकचं बटण दाबूनच निघा.