जुन्या कचऱ्याची सफाई आणि रोजगाराचा प्रश्न

धार आणि देवास ही पवार घराण्याची जुनी संस्थाने मराठी वाचकांस सुपरिचित आहेत. गेल्या अर्धशतकात देवास शहर आणि धार जिल्ह्यातील पीथमपूर ही मोठी औद्योगिक केंद्रे बनली. कारखान्यांनी हजारो हातांना काम दिले. त्याबरोबर टाकाऊ पदार्थांचा प्रश्नही उभा केला. जुना कचरा हटविणे आवश्यकच आहे. परंतु त्या सफाईचा भार कोणावर पडतो, याचाही विचार झाला पाहिजे.

शहरी कचरा

या दोन जिल्ह्यांच्या मध्ये असलेल्या इंदूरचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथील देवगुराडियाच्या कचराभूमीवर सुमारे 13 लक्ष टन जुना कचरा साचला होता. ढीग उकरून त्यावर जिवाणूंचे द्रावण शिंपडण्यात आले. नंतर यांत्रिक चाळण्यांतून माती, प्लॅस्टिक, दगडविटा व धातू निराळे करण्यात आले. 2018 च्या अखेरीस हे काम पूर्ण झाले. ढीग गेला की त्यावर पोट भरणाऱ्या कचरावेचकांचे साधनही जाते. म्हणूनच 2016 च्या घनकचरा नियमांनी जुन्या ढिगांच्या सफाईबरोबरच कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची अपेक्षा व्यक्त केली होती. ओला व सुका कचरा वेगळा करण्याच्या केंद्रांत त्यांच्या अनुभवाचा उपयोग होऊ शकतो.

विषारी कचरा

पीथमपूरचा प्रश्न अधिक कठीण आहे. 1984 च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर युनियन कार्बाइडच्या आवारात पडून राहिलेला सुमारे 337 टन कचरा उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जानेवारी 2025 च्या प्रारंभी 12 कंटेनरांतून पीथमपुरास नेण्यात आला. 3 जानेवारीस तेथे बंद पाळण्यात आला आणि आंदोलन पेटले. पाणी, शेती व आरोग्य यांविषयीची भीती त्यामागे होती. पुढे तीन चाचण्या घेऊन 30 जून 2025 पर्यंत हा कचरा भट्टीत जाळण्यात आला. मात्र जाळल्याने कचरा नाहीसा होत नाही. ज्वलनात चुना वगैरे मिसळावा लागल्याने उरलेल्या राखेचे व अवशेषांचे वजन मूळ कचऱ्याहून अधिक, 800 टनांवर गेले. भोपाळच्या आवारातून हा कचरा हलला, परंतु राख सांभाळण्याची जबाबदारी मागे राहिली.

अशी केंद्रे बंद करणे हा उपाय नव्हे. ती नसतील तर कारखान्यांतील घातक द्रव्ये ओढ्यात अथवा शेतात पोहोचण्याचा धोका वाढेल, आणि कारखाने अडचणीत आल्यास मजुरीही धोक्यात येईल. परंतु ज्यांच्या शिवारालगत भट्टी उभी आहे, त्यांना विश्वासात न घेता केलेली सफाई टिकाऊ ठरत नाही.

ग्रामसभेत व वर्गात विचारावयाचे प्रश्न

1. आपल्या परिसरातील विहिरींच्या पाण्याची तपासणी काम सुरू होण्यापूर्वी व नंतर होते काय? तिचे निष्कर्ष गावकऱ्यांना त्यांच्या भाषेत मिळतात काय?

2. सफाईच्या कामात स्थानिकांना रोजगार मिळताना हातमोजे, मुखपट्टी व वैद्यकीय तपासणी यांची तरतूद आहे काय?

3. ढीग संपल्यावर त्यावर जगणाऱ्यांना कोणते काम मिळणार?

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे काम सुरू होण्यापूर्वी मिळाली, तर स्वच्छता आणि रोजगार एकमेकांचे वैरी राहणार नाहीत.